मोजकी कन्व्हेन्शन्स, पक्का अंदाज

ब्रिज खेळणारी दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही कोणती सिस्टीम खेळता?" कोणी प्रिसिजन म्हणतं, कोणी टू ओव्हर वन, कोणी साधं स्टँडर्ड अमेरिकन. मग कन्व्हेन्शन्सची उजळणी सुरू होते. कन्व्हेन्शन म्हणजे दोघा भिडूंनी आधी ठरवून घेतलेला संकेत. तोंडाने एका रंगाचं नाव घ्यायचं आणि सांगायचं वेगळंच काही. हे नियमाला धरूनच असतं, कारण त्याचा अर्थ समोरच्या जोडीलाही विचारता येतो. यादी जितकी लांब तितकी जोडी तयार, असा एक समज आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. खेळ सुधारतो तो अंदाज पक्का झाल्याने. कन्व्हेन्शन त्या अंदाजाला थोडी माहिती पुरवतं, पण चार बोलायचं की तीनवर थांबायचं हे शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं.

निफाडसारख्या तालुक्याच्या गावात ब्रिजचा क्लब दारात नसतो. इथे पत्ते म्हणजे मेंढीकोट, बदाम सात आणि लग्नघरात रात्रभर चालणारी रमी. आमचं टेबल जमलं ते अण्णांमुळे. ते ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, तिथल्या टाउनशिपमध्ये ब्रिज शिकलेले. बाकीचे तिघं म्हणजे मी, माझे दीर आणि कॉलेजातले एक सर. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाची काढणी असते, तेव्हा खेळ जवळजवळ बंद. पावसाळ्यात मात्र जोरात. आणि डिसेंबरात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या रात्री झोपण्यापेक्षा टेबल बरं. एरवी मोबाइलवर ब्रिज बेस ऑनलाइन आहेच. या टेबलावर जे हाती लागलं ते सांगते.

१. आधी तेरा मोजा

मेंढीकोट मनापासून खेळलेल्या माणसाला अर्धा ब्रिज येत असतो. भिडू समोर बसलेला, हुकूम ठरलेला, कोणत्या मेंढ्या पडल्या आणि कोणाचा कोणता रंग संपला याची आठवण ठेवायची. हीच सवय ब्रिजमध्ये चारही रंगांवर न्यायची.

समजा, डाव्या हाताच्या खेळाडूने तीन चौकट असं ओपनिंग केलं. त्याच्याकडे चौकटची सात पानं धरायला हरकत नाही. पुढे खेळताना त्याने इस्पिकला दोनदा पान दिलं आणि तिसऱ्यांदा दुसरा रंग टाकला. बदामला तीनदा दिलं आणि चौथ्यांदा नाही. सात, दोन आणि तीन म्हणजे बारा झाली. किलवरचं त्याच्याकडे एकच पान उरतं. आता किलवरची राणी कोणाकडे असेल, याचा कौल काढायची गरज राहत नाही. बाकीची किलवर उजवीकडे आहेत, तेव्हा राणीही बहुधा तिकडेच. फिनेस एरवी निम्म्या वेळा साधतो. मोजणाऱ्याला तो त्याहून कितीतरी जास्त वेळा साधतो. बोली सुधारायची असेल तरी सुरुवात इथूनच करावी. पान खेळताना जो मोजतो, तोच बोलीतून पानांची ठेवण वाचायला शिकतो.

२. पॉइंट मोजा, रंग जुळला की पुन्हा मोजा

एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक. मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मोजणी चार्ल्स गोरेन यांनी घरोघरी पोचवली, आणि नव्या खेळाडूला तिच्याइतका चांगला आधार दुसरा नाही. पण ती पानं हातात आल्याबरोबरची मोजणी आहे. भिडूने तोंड उघडलं की तिची किंमत बदलते.

भिडूने एक इस्पिक म्हटलं. तुमच्याकडे आहे : इस्पिक राजा-९-७-३, बदाम एक्का-८-६-४-२, चौकट ५, किलवर ८-६-४. पॉइंट सात. आता दुसरी पानं बघा : इस्पिक ९-७-३, बदाम राणी-गुलाम-४, चौकट राणी-गुलाम-५-२, किलवर गुलाम-६-४. पॉइंट पुन्हा सातच.

अण्णांनी सुरुवातीच्या काळात हे दोन हात वहीत शेजारी शेजारी लिहून दिले होते आणि विचारलं होतं, "ताई, कोणत्या पानांवर किती बोलाल?" त्याचं उत्तर लूझिंग ट्रिक मोजणीत मिळतं. आठ पानांचा हुकूम जुळला की प्रत्येक रंगात एक्का, राजा, राणी यांपैकी किती नाहीत ते मोजायचं. एका रंगात जास्तीत जास्त तीन. दोनच पानं असतील तर दोन. एकच पान असेल तर एक. पहिल्या हातात इस्पिकचे दोन, बदामचे दोन, चौकटचा एक, किलवरचे तीन, असे आठ लूझर. दुसऱ्यात तीन, दोन, दोन आणि तीन, म्हणजे दहा. साध्या ओपनिंगमध्ये साधारण सात लूझर असतात. दोघांचे मिळून चोवीसातून वजा केले तर पहिल्या पानांवर नऊ हात होतात, दुसऱ्यांवर सात. पॉइंट तेवढेच असताना दोन हातांचा फरक! पहिल्या पानांवर गेमचं आमंत्रण द्यावं, दुसऱ्यांवर दोन इस्पिक म्हणून गप्प राहावं.

ही मोजणीही काही वेदवाक्य नव्हे. ती राणीला एक्क्याइतकाच मान देते, जे खरं नाही. नो ट्रम्पमध्ये तर तिचा उपयोगच नाही. पण एक्के-राजे आणि तुटका रंग यांना हुकमाच्या डावात राणी-गुलामांपेक्षा जास्त वजन द्यायचं, ही दृष्टी तिच्यामुळे पटकन येते.

३. कन्व्हेन्शनची किंमत विचारा

नवं कन्व्हेन्शन कोणी सुचवलं की आमच्या टेबलावर चार प्रश्न विचारायचे असा नियम आहे. हे वर्षातून किती वेळा उपयोगी पडेल? यासाठी कोणती साधी बोली सोडावी लागेल? पहिल्या उत्तरानंतरची तिसरी आणि चौथी बोली दोघांना माहीत आहे का? आणि मध्येच समोरचा बोलला तर काय?

जॅकोबी ट्रान्सफर या चारही प्रश्नांना उतरतं. भिडूने एक नो ट्रम्प म्हटलं, म्हणजे पंधरा ते सतरा पॉइंट. तुमच्याकडे इस्पिक राणी-१०-८-६-४, बदाम ७-३, चौकट ९-५-२, किलवर ८-६-४, म्हणजे जेमतेम दोन पॉइंट. तुम्ही दोन बदाम म्हणता, भिडू आज्ञेप्रमाणे दोन इस्पिक म्हणतो, तुम्ही पास. भारी पानं झाकलेली राहतात, कमजोर पानं डमी म्हणून मांडली जातात आणि पहिली उतारी भारी हाताकडे येते. त्याच पाच इस्पिकांबरोबर आठ-नऊ पॉइंट असतील तर ट्रान्सफरनंतर दोन नो ट्रम्प म्हणून भिडूला निवड देता येते. हे डाव वारंवार येतात. सोडलं काय? दोन चौकटवर थांबायची सोय. चौकटची सहा पानं आणि पॉइंट नाहीत, अशा वेळी ती आठवते, पण हा तोटा परवडतो. चौथ्या प्रश्नाचं आमचं उत्तर साधं आहे : समोरच्याने डबल दिलं तर सगळं चालू, त्याने रंग बोलला तर सगळं बंद.

या कसोटीवर आम्ही ठेवलेली कन्व्हेन्शन्स मोजकीच आहेत : स्टेमन, ट्रान्सफर, टेकआउट डबल, निगेटिव्ह डबल आणि वीक टू. निगेटिव्ह डबल अल्विन रॉथ यांनी १९५७ साली आणलं, तेव्हा रशियाचा उपग्रह गाजत होता म्हणून त्याला स्पुटनिक म्हणू लागले. भिडूने एक चौकट म्हटलं, समोरच्याने एक इस्पिक, तुमच्याकडे बदामची चार पानं आणि सात-आठ पॉइंट आहेत, तर दोन बदाम म्हणायला ताकद नाही आणि पास करायला मन होत नाही. ही अडचण दर बैठकीला येते. म्हणून ते कन्व्हेन्शन ठेवलं. दंडाचं डबल त्यामुळे हातचं जातं, पण एकच्या पातळीवर ते एरवीही क्वचितच लागतं.

प्रिसिजनबद्दल सर फार आग्रही होते. सी. सी. वेई यांची ही पद्धत घेऊन तैवानचा संघ १९६९ साली बर्म्युडा बोलच्या अंतिम फेरीत पोचला आणि जगाने तिची दखल घेतली. एक किलवर म्हणजे सोळा किंवा जास्त पॉइंट. त्यामुळे बाकीच्या ओपनिंगना वरची मर्यादा आपोआप येते. सुंदर रचना आहे. पण तिचे सगळे भाग एकमेकांवर उभे आहेत. त्यातलं एखादं पान तोडून आपल्या पद्धतीत खोचता येत नाही. घ्यायची तर पूर्ण घ्यावी, आणि त्यासाठी दोघांकडे वर्षभराची सवड हवी. आमच्याकडे ती नव्हती, म्हणून आम्ही ती घेतली नाही. सरांनाही आता ते पटलं आहे.

४. ब्लॅकवुड सगळ्यात शेवटी

नवशिक्यांना हे कन्व्हेन्शन सगळ्यात आधी शिकवलं जातं आणि सगळ्यात जास्त डाव यानेच बिघडतात. इझली ब्लॅकवुड यांनी १९३३ साली ते मांडलं. चार नो ट्रम्प म्हणून भिडूला एक्के विचारायचे : पाच किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम दोन, पाच इस्पिक तीन. पाठ करायला सोपं, विचारायला मजा. पण ते किती एक्के एवढंच सांगतं, कोणते ते सांगत नाही. तुमच्याकडे चौकटची दोन भुक्कड पानं आहेत आणि भिडूने एक एक्का दाखवला, तर तो चौकटचा आहे का? समजायला मार्ग नाही. अशा वेळी एकेक रंगातला ताबा दाखवणारी क्यू बिड जास्त कामाची.

हुकूम किलवर असेल तर आणखी सांभाळावं लागतं. समजा, तुमची पानं अशी : इस्पिक राजा-राणी-गुलाम, बदाम राजा-राणी, चौकट ७, किलवर राजा-राणी-गुलाम-१०-८-६-५. एक्का एकही नाही. भिडूने किलवरला भक्कम पाठिंबा दिला आहे. त्याच्याकडे तीन एक्के असतील तर सहा होतात, दोनच असतील तर पाचवर थांबायला हवं. तुम्ही चार नो ट्रम्प विचारलं आणि उत्तर आलं पाच बदाम, म्हणजे दोन एक्के. पाच किलवर तोवर मागे पडले. आता बहुधा सहा बोलावे लागतात आणि समोरचे दोन एक्के काढून मोकळे होतात. प्रश्न विचारण्याआधी स्वतःला विचारावं : येणाऱ्या प्रत्येक उत्तरावर मी काय बोलणार आहे? एका जरी उत्तरावर बोलायला जागा नसेल तर तो प्रश्न विचारू नये. आमचे अण्णा याबाबत फार कडक आहेत आणि त्यांचा तो कडकपणा मला मनापासून मान्य आहे.

५. जितके हुकूम, तितकी उडी

समोरचेही बोलत असतील तेव्हा पॉइंटांचा हिशेब अपुरा पडतो. फ्रान्सच्या झाँ-रेने व्हेर्न यांनी १९६९ साली एक निरीक्षण मांडलं : दोन्ही जोड्यांच्या सगळ्यात लांब रंगांतली पानं मिळवली की जी संख्या येते, जवळपास तेवढेच दोन्हीकडचे मिळून हात होतात. लॅरी कोहेन यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे ते सगळीकडे पोचलं. टेबलावर वापरायचं रूप अगदी सोपं आहे. आपल्याकडे आठ हुकूम तर दोनच्या पातळीपर्यंत, नऊ असतील तर तीनपर्यंत जायला भ्यायचं नाही. भिडूचं एक इस्पिक, समोरच्याचे दोन बदाम, तुमच्याकडे इस्पिकची चार पानं आणि पॉइंट थोडे. भिडूची पाच धरून नऊ झाली, तीन इस्पिक म्हणा. माझ्या दिरांचा स्वभाव सावध. ही एक गोष्ट अंगवळणी पडल्यावर त्यांच्या स्पर्धात्मक बोलीत जो फरक पडला तो दुसऱ्या कशाने पडला नव्हता.

६. गप्प राहिलेला माणूसही काही सांगत असतो

समोरच्या दोघांकडे मिळून अठरा-वीस पॉइंट दिसत आहेत, बदामची नऊ पानं त्यांच्यात आहेत, आणि तरी कोणी बदाम बोललं नाही. का? बहुधा ती पाच-चार अशी विभागली आहेत आणि ताकद दोघांत सारखी वाटलेली आहे. पास ही देखील बोली आहे. ती ऐकायला शिका.

७. गेमचा हिशेब स्पर्धेप्रमाणे बदलतो

हा भाग आकड्यांचा आहे, पण सोडू नका. संघांच्या सामन्यात गुण आयएमपीने मिळतात. आपण व्हल्नरेबल आहोत आणि चार इस्पिक बोलून केले तर ६२०. दुसऱ्या टेबलावर तेच दहा हात तीन इस्पिक बोलून झाले तर १७०. फरक ४५०, म्हणजे दहा आयएमपी. एक हात कमी पडला तर आपले उणे १०० आणि तिकडे १४०. फरक २४०, म्हणजे सहा. दहा मिळवायला सहा धोक्यात घालायचे असतील तर गेम होण्याची शक्यता ३७-३८ टक्के असली तरी तो बोलावा. व्हल्नरेबल नसताना मिळकत सहा आणि जोखीम पाच, म्हणजे ४५ टक्के हवेत. जोड्यांच्या मॅच पॉइंट स्पर्धेत मात्र निम्म्याहून जास्त शक्यता असेल तरच.

म्हणून अंदाज म्हणजे कोणाचा धाडसी किंवा भित्रा स्वभाव, असं समजू नये. तीच पानं, तोच भिडू, पण स्पर्धा वेगळी असेल तर बरोबर उत्तर वेगळं असतं. आम्ही घरी खेळतानाही आज कोणते गुण धरायचे ते आधी ठरवतो.

८. निकाल बाजूला ठेवून निर्णय तपासा

हुकमाची पाच पानं समोर असतील तर ती तीन-दोन अशी विभागली जाण्याची शक्यता ६८ टक्के, चार-एक २८, पाच-शून्य ४. तीन-दोनवर भरवसा ठेवून गेम बोललात आणि पानं चार-एक निघाली, गेम बुडाला. बोली चुकली का? नाही. पुढच्या वेळी तीच पानं आली तर तेच बोला.

द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बागलाणात अर्ली छाटणी घेणारा शेतकरी चढ्या भावाची आशा आणि पावसाची भीती दोन्ही तोलून निर्णय घेतो. एखाद्या वर्षी अवकाळीने घड कुजले म्हणून त्याचा हिशेब चुकीचा ठरत नाही, आणि एखाद्या वर्षी भाव मिळाला म्हणून दरवर्षी तेच करणारा शहाणा ठरत नाही.

आमची वही याच कामासाठी आहे. बैठक संपली की अडलेले डाव तिच्यात उतरवायचे, पण फक्त बोलीच्या वेळी दिसत होती तेवढीच पानं. भिडूची आणि समोरच्यांची पानं झाकून. मग काही दिवसांनी ते पान उघडायचं आणि चौघांनी आपापली बोली कागदावर लिहायची. निकाल माहीत नसताना दिलेलं उत्तर प्रामाणिक असतं. अंदाज वाढवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही, आणि यासाठी पैसाही लागत नाही.

९. विचार पाळी येण्याआधी करा

बराच वेळ थबकून दिलेला पास भिडूला न बोलता काहीतरी सांगून जातो, आणि नियम सोळाप्रमाणे भिडूला त्याचा फायदा घेता येत नाही. म्हणजे आपल्या रेंगाळण्याने भिडूचेच हात बांधले जातात. एका चालीने बोलणं हा शिष्टाचार आहे आणि त्यात खेळाचा लाभही आहे.

१०. भिडू सांभाळा

२०१८ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आला आणि पुरुषांच्या जोड्यांमध्ये भारताला सुवर्ण मिळालं. ते आणणारे प्रणब बर्धन साठ वर्षांचे होते आणि शिबनाथ सरकार छप्पन्न वर्षांचे. कोलकात्याची ही जोडी कित्येक वर्षं एकत्र खेळत आलेली. दोघांचा एकमेकांवरचा भरवसा एका हंगामात तयार होत नाही.

टेबलावर भिडूला बोल लावू नये, हा आमचा सगळ्यात जुना नियम. डाव संपला की "असू द्या, पुढचा वाटा." चर्चा वही उघडल्यावर, आणि तीही "तुम्ही असं का बोललात?" अशी नव्हे, तर "मी काय सांगितलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं?" अशी. ज्याच्यावर ओरडलं जातं तो पुढच्या डावात घाबरून बोलतो, आणि घाबरलेल्या माणसाचा अंदाज चालत नाही. हे मी फार जवळून पाहिलं आहे.

आता थोडं गावाबद्दल. पत्ते म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना दाखला दिला तो ब्रिजचा : पानं वाटण्यात जेवढं नशीब ब्रिजमध्ये आहे तेवढंच तिथे. म्हणजे ब्रिजचं कौशल्य न्यायालयाने गृहीतच धरलं होतं. आणि हा शहरी जिमखान्यांचाच खेळ आहे असंही नाही. आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचं गाव आहे. १९६० च्या दशकात तिथे बदलून आलेल्या एका पशुवैद्यकाने शेतकऱ्यांना ब्रिज शिकवला, आणि पुढच्या पिढ्यांनी तो टिकवला. तिथले शेतकरी शेतातून येऊन संध्याकाळी बोली लावतात. जे तिकडे निमाडात झालं ते निफाडात, पिंपळगावात, लासलगावात का होऊ नये?

घरात मेंढीकोट खेळणारी चार माणसं असतील तर पत्त्यांचा एक कॅट, एक वही आणि आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ काढा. पहिले काही महिने साधी बोली आणि स्टेमन, एवढंच ठेवा. शाळकरी मुलांना बसवा, मुलींना आणि सुनांना आवर्जून बसवा. आमच्या टेबलावर कोणी शिकायला आलं तर जागा करून देऊ.